तारीख पुन्हा गेली ना?

(अंबड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकलो. खडूचा डबा आणायला ते आम्हाला दुकानात पाठवत आणि परत आलं की पहिला प्रश्न असे, "पावती कुठंय?" चार आण्यांचा खडू असला तरी पावती लागे. म्हणून आजच्या विषयाला मला मोठं नाव शोधावं लागलं नाही. मी एका पावतीबद्दलच बोलणार आहे.

ती पावती माझ्या भावाच्या घरात आहे. फिकट पिवळा कागद, कार्बनची निळी अक्षरं. वर गणपती, त्याखाली लॉन्सचं नाव, ते मी इथे घेणार नाही. एकूण भाडं एक लाख साठ हजार. मिळालेली रक्कम साठ हजार, आणि तिच्यापुढे पेनाने लिहिलेला शब्द 'अनामत'. सगळ्यात खाली बारीक ठशात एक ओळ छापलेली आहे: बुकिंग रद्द केल्यास दिलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

माझ्या पुतणीचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली, टिळा झाला, वैशाखातली तारीख धरली. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ आणि मी जाऊन साठ हजार देऊन आलो. पौषात सोयरीक मोडली. का मोडली ते सांगण्याचं हे ठिकाण नाही. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, एवढं सांगतो.

लॉन्सच्या मालकाला आम्ही आठ दिवसांत कळवलं. लग्नाला तेव्हा साडेतीन महिने होते. तो वाईट बोलला नाही. चहा पाजला, हळहळला, आणि पावतीवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. भाऊ उठला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "जाऊ दे. पैशासाठी चारचौघांत गेलो तर आपल्याच लेकीचं नाव निघेल." मी इथल्या कोर्टात तीस वर्षं वकिली करतो. करार कायद्यातलं कलम 74 मला पाठ आहे. तरीही मी त्या दिवशी गाडीला किक मारली आणि गप्प घरी आलो. याची मला आजही खंत वाटते.

वैशाखातल्या त्या तारखेला पुतणी नोकरीच्या गावाहून, छत्रपती संभाजीनगरहून, एसटीने परत येत होती. रस्त्यावर त्या लॉन्ससमोर गाडी हळू झाली, कारण वरात चालली होती. लॉन्सवर रोषणाई होती, कमानीवर फुलांत दोन नावं होती, जनरेटर धडधडत होता. घरी येऊन तिने पाय धुतले, पाणी प्यायली आणि मला फोन केला. "काका, आपली तारीख पुन्हा गेली ना?"

माझं आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नात आहे. कायद्याच्या भाषेत जे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला अनेक निकाल लिहावे लागले, ते तिने एसटीच्या खिडकीतून बघितलं होतं.

आता त्या 'अनामत' या शब्दाकडे वळू. आपल्याकडे पावतीवर तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने लिहिल्या जातात आणि निम्मी भांडणं तिथूनच निघतात. अनामत म्हणजे ठेव. खुर्च्या मोडल्या, गाद्या जळाल्या, काच फुटली, तर त्यातून कापायची आणि कार्य पार पडल्यावर उरलेली परत द्यायची. ती मालकाची कधी होतच नाही. आगाऊ रक्कम, म्हणजे अॅडव्हान्स, हा भाड्याचाच एक हप्ता असतो, आधी दिलेला. आणि तिसरा इसार. इसार म्हणजे शब्दाला दिलेली गाठ. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला की हातावर इसार ठेवतात आणि मग तो बैल दुसऱ्याला दाखवायचा नसतो. कुणी विसार म्हणतात, कुणी बयाणा. पावतीवर शब्द कोणता लिहिलाय यापेक्षा ते पैसे कशासाठी घेतले, हे न्यायालय बघतं. पण पावती लिहून घेतानाच शब्द नीट लिहून घेतला तर न्यायालयापर्यंत जावंच लागत नाही.

इसाराचा नियम आपल्याकडे इंग्रजांनी आणला असं कुणाला वाटत असेल तर ते बरोबर नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत त्याला 'सत्यंकार' म्हटलं आहे. त्या स्मृतीवर मिताक्षरा नावाची टीका लिहिणारे विज्ञानेश्वर हे कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारातले. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. निजामाच्या राज्यात बिदर आणि आपलं अंबड एकाच छत्राखाली होतं, म्हणून मी त्यांना आपल्या अंगणातलाच माणूस मानतो. नऊशे वर्षांपूर्वी त्यांनी उदाहरण दिलं ते अंगठीचं. खरेदी-विक्रीचा शब्द पक्का राहावा म्हणून एकाने दुसऱ्याच्या हातात अंगठी ठेवली. देणाराच शब्दाला चुकला, तर अंगठी गेली. पण घेणारा चुकला, तर त्याने दुप्पट भरायचं.

या नियमाला दोन बाजू आहेत, हे लक्षात घ्या. आपल्या पिवळ्या पावतीवर त्यातली एकच बाजू छापलेली आहे. तुम्ही मोडलं तर पैसे गेले. आणि मालकाने मोडलं तर? ऐन वेळी मोठी पार्टी आली म्हणून तुमची तारीख दुसऱ्याला दिली तर? एकाच दिवशी दोन पावत्या फाडल्या तर? त्याबद्दल पावतीवर चकार शब्द नाही. मी गेल्या काही वर्षांत जिथे संधी मिळाली तिथे मंगल कार्यालयांच्या पावत्या मागून घेऊन वाचल्या. दुसरी बाजू छापलेली एकही मला सापडली नाही.

आता आजचा कायदा. भारतीय करार कायदा 1872 चा. आपल्याकडे तो उशिरा आला. 1948 साली हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि 1951 मध्ये इतर केंद्रीय कायद्यांबरोबर हा कायदाही इथे लागू झाला. त्याचं कलम 74 साध्या मराठीत असं आहे: करार मोडल्यावर अमुक रक्कम द्यायची, असं करारात लिहिलेलं असलं, तरी ती पुरी रक्कम आपोआप मिळत नाही. वाजवी तेवढीच भरपाई मिळते, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. म्हणजे पावतीवरचा आकडा ही फक्त कमाल मर्यादा आहे.

1963 साली सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हे स्पष्ट केलं. दिल्लीतल्या एका बंगल्याचा व्यवहार मोडला होता. घेणाऱ्याने एक हजार रुपये इसार म्हणून आणि चोवीस हजार किमतीपोटी दिले होते, आणि विकणाऱ्याला पंचवीसच्या पंचवीस हजार ठेवायचे होते. न्यायालयाने एक हजाराचा इसार ठेवू दिला. चोवीस हजारांवर त्याचा हक्क मानला नाही.

त्यानंतरचा मौला बक्ष यांचा 1969 चा निकाल मला फार जवळचा वाटतो, कारण त्यात जमिनी नाहीत, बंगले नाहीत. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचा ठेका होता. अनामत होती बटाट्यासाठी दहा हजार आणि बाकीच्या मालासाठी साडेआठ हजार. माल वेळेवर आला नाही, सरकारने अनामत जप्त केली. न्यायालयाने विचारलं, तुम्ही बटाटे दुसरीकडून किती भावाने घेतले? तो आकडा सरकारला सहज दाखवता आला असता. दाखवला नाही. अनामत परत करावी लागली. ज्या नुकसानीचा हिशेब मांडता येतो, ती मांडून दाखवली पाहिजे, असा त्याचा अर्थ.

आणि 2015 चा कैलाशनाथ असोसिएट्सचा निकाल तर माझ्या पुतणीच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने एका भूखंडाच्या लिलावात घेतलेले 78 लाख रुपये जप्त केले. तोच भूखंड पुढे त्याच प्राधिकरणाने मूळ बोलीच्या तिप्पट-चौपट किमतीला विकला. मग नुकसान कुठे झालं? न्यायालयाने 78 लाख परत द्यायला सांगितले. तारीख पुन्हा गेली होती, तीही जास्त दराने.

पण दुसरी बाजूही मी तुमच्यापासून लपवणार नाही. इसार वाजवी असेल आणि मोडणारा तुम्हीच असाल, तर काही रक्कम सोडावी लागते. 2025 मध्ये घरखरेदीच्या एका खटल्यात, बाजारभाव पडले म्हणून ग्राहकांनी माघार घेतली होती, तिथे किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत कपात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली आणि बाकीची रक्कम परत देणं योग्य ठरवलं. तेव्हा रुपयाही कापायचा नाही, असा हट्ट धरून कुणी माझ्याकडे आलं तर मी त्याला समजावून परत पाठवतो.

मालकाचीही अडचण समजून घेतली पाहिजे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस असले तरी लॉन्सचे दिवस मोजके. चातुर्मास गेला, पौष गेला, अधिक महिना आला तर तोही गेला. 2024 च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मुख्य मुहूर्त नव्हतेच, ऐन लग्नसराईचे दोन महिने तसेच गेले. वॉचमनचा पगार, बँकेचा हप्ता, हिरवळीचं पाणी, आणि पाणी ही जालना जिल्ह्यात काय वस्तू आहे हे 2012-13 चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. अशात एखाद्याने आठ दिवस आधी तारीख सोडली, तर ती तारीख नासते. त्याने आधीच चार जणांना 'तारीख गेली' म्हणून परत पाठवलेलं असतं. तिथे मालकाने चांगली रक्कम ठेवली तर मी त्याच्याच बाजूने उभा राहीन.

म्हणूनच कधी कळवलं, याला एवढं महत्त्व आहे. लग्न मोडलं की पहिले पंधरा दिवस घर सुन्न असतं. कुणी फोन उचलत नाही, कुणी कुणाला कळवत नाही. सोयरीक पुन्हा जुळेल अशी आशाही असते. ते मी पाहिलं आहे, त्यात दोष नाही. पण घरातल्या एखाद्या मामाने, आत्याच्या यजमानांनी, कुणीतरी थोड्या लांबच्या माणसाने त्याच आठवड्यात दोन ओळी लिहून द्याव्यात: अमुक तारखेचं आमचं बुकिंग रद्द करत आहोत, तारीख दुसऱ्याला द्यायला आमची हरकत नाही, जमा रकमेचा हिशेब करून द्यावा. व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. कारण सांगायची गरज नाही. मुलीचं नाव, मुलाचं नाव, काहीच लिहायची गरज नाही. 'हरकत नाही' हे दोन शब्द मात्र नक्की लिहा. त्या दिवसापासून तारीख मोकळी होती, याचा तो पुरावा असतो.

तिसरी परिस्थिती अशी, जिथे ना तुम्ही मोडलं ना मालकाने. 2020 चा मार्च आठवा. छापलेल्या पत्रिका घरात पडून राहिल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये आदेश निघाला की लग्न एकाच सभागृहात, दोन तासांत, पंचवीस माणसांत करायचं, नाही तर पन्नास हजार दंड. पाचशे माणसांचं लॉन्स घेतलेल्या माणसाने काय करायचं? अशा वेळी कलम 56 आणि 65 बघावी लागतात. करार पार पाडणं अशक्य झालं तर तो रद्दबातल होतो, आणि रद्दबातल झालेल्या करारात ज्याने जो फायदा घेतला असेल तो त्याने परत करायचा.

या बाबतीत आपला कायदा इंग्रजांच्याही पुढे होता, हे कमी जणांना माहीत असतं. 1902 साली लंडनमध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता. मिरवणूक बघायला हेन्री नावाच्या गृहस्थाने पॅल मॅल रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवसांसाठी 75 पौंडांना घेतल्या, 25 पौंड आगाऊ दिले. राजाचं ऑपरेशन झालं, मिरवणूक पुढे ढकलली. न्यायालय म्हणालं, उरलेले 50 पौंड द्यायची गरज नाही. पण आधी दिलेले 25? ते मागण्याचा दावा त्याने सोडून दिला, आणि तिथला त्या वेळचा नियम असा होता की दिलेलं गेलं. तो नियम कायदा करून बदलायला इंग्लंडला 1943 साल उजाडावं लागलं. आपल्या 1872 च्या कायद्यात परत देण्याचं कलम पहिल्यापासून आहे.

आता दाद कुठे मागायची. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो 1986 मध्ये आला आणि नवा 2019 मध्ये. नव्या कायद्यात 'अनुचित करार' अशी स्वतंत्र व्याख्या आहे. अवाच्या सवा अनामत मागणं, किंवा नुकसानीच्या मानाने फार मोठा दंड लावणं, दोन्ही त्यात बसतात. पावतीवरची अट मुळातच रद्द ठरवून घ्यायची असेल तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. पण पैसे परत मिळण्यासाठी जालन्याचा जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकीलही लागत नाही, हे मी वकील असून सांगतो. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगातही ती करता येते, त्यामुळे संभाजीनगरचं कार्यालय ठरवलं होतं आणि राहता अंबडला, तरी चालतं. आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. त्याआधी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावून बघा, मराठीत बोलता येतं. पुष्कळ मालक तिथून विचारणा झाली की हिशेबाला बसतात.

आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगतो. इथून जवळ, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी बोहल्यावर उभे असताना 'सावधान' हा शब्द कानी पडला आणि नारायण मांडवातून निघून गेला. आपण साडेतीनशे-चारशे वर्षं त्या मुलाबरोबर जातो, पंचवटीला, टाकळीला, चाफळला. मला वयाच्या साठीत त्या मांडवात मागे राहिलेली माणसं दिसू लागली. हातात अक्षता धरून बसलेली आजी. चुलीवरचं अन्न. अंतरपाटापलीकडची ती लहान मुलगी आणि तिचा बाप. त्यांच्याकडे त्या दिवशी कुणी पाहिलं असेल का? मोडलेल्या लग्नाची लाज नेहमी मागे राहिलेल्यांच्या वाट्याला येते, आणि तीच लाज धरून ती माणसं आपलं हक्काचंही मागत नाहीत. माझा भाऊ त्यांच्यातलाच होता.

पुतणीचा तो फोन ठेवल्यावर मी त्याच रात्री लॉन्सच्या मालकाला पत्र लिहिलं. त्यात एकही कलम घातलं नाही. एवढंच विचारलं की आमची तारीख कुणाला दिली, केव्हा दिली आणि किती भाड्याने दिली. पत्र पोचल्यावर सहाव्या दिवशी मालकाचा फोन आला. मी गेलो तर त्याने वही काढून ठेवली होती. लाल पुठ्ठ्याची, प्रत्येक तारखेला एक पान. आमच्या पानावर भावाचं नाव एका रेघेने खोडलेलं आणि खाली दुसरं नाव, एक लाख बावन्न हजार. फाल्गुनात दिली होती. "उशिरा आलेली पार्टी, आठ हजार कमी करावे लागले," तो म्हणाला. ते खरं होतं, वहीत दिसत होतं. त्याचं नुकसान आठ हजारांचं झालं होतं. मी म्हणालो, ते आठ हजार तुमचे. उरलेले बावन्न हजार त्याने दोन चेकने दिले, पहिला त्याच दिवशी, दुसरा महिनाभराने. कोर्ट नाही, आयोग नाही.

उठताना तो मला म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही आधी विचारलंच नाही." या वाक्याने मला बरं वाटलं नाही. विचारलं नाही म्हणून ठेवायचे का, असं त्याला म्हणता आलं असतं. पण विचारलं नव्हतं, हेही खरंच होतं.

पुतणीचं लग्न पुढच्या वर्षी झालं. देवीच्या डोंगराकडे तोंड करून घरासमोरच मांडव घातला, दीडशे पानं उठली. पहिला चेक भावाने तिच्याच खात्यात भरला होता.

आता माझ्याकडे अजून काही वेळ आहे, पण तो मी बोलण्यात घालवत नाही. अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. पावत्या घेऊन या, असं मालेच्या पत्रिकेतच छापलं होतं आणि पाच-सहा जणांच्या हातात त्या मला दिसतायत. आभार झाले की मी बाहेर पायरीवर बसतो. ज्यांना इथे सर्वांसमोर बोलायचं नसेल त्यांनी शेवटी थांबावं, मला घरी जायची घाई नाही.